नागरिकत्वाचा दाखला



बोडीतल्या माशांचे कालवण बंगाली पद्धतीने कसे करतात, यावर मी आज बोलावे अशी सूचना होती. ते पुन्हा केव्हातरी. आज घरातल्या एका कागदाविषयी सांगावयाचे आहे.

माझे आईवडील १९६४ साली खुलन्याकडून निर्वासित म्हणून आले. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आज जो मुलचेरा तालुका आहे तिथे, त्यांना जमीन मिळाली. (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली.) १९५५ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून आईने नागरिकत्व घेतले आणि तो दाखला साडीच्या घडीत जन्मभर जपला. मला त्याचे हसू येई. मी इथलीच, १९६७ ची. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो इथे जन्मला तो जन्मानेच नागरिक, त्यामुळे मला काहीच करावे लागले नाही.

माझ्या धाकट्या जावेची गोष्ट मात्र वेगळी. ती १९९४ साली तिकडून लग्न होऊन आली, ती पारपत्रावाचून. दीर इथेच जन्मलेले. शिधापत्रिकेत तिचे नाव चढले, मतदार यादीतही आले, आणि आम्हां सगळ्यांना वाटले, झाले! पण मतदार यादीत नाव असणे म्हणजे नागरिक असणे नव्हे, हे तीस वर्षे आम्हांला कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

तिचा थोरला १९९७ चा. तेव्हाच्या नियमाने आईबापांपैकी एक नागरिक असला की पुरे. धाकटा २००६ चा. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा, अशी अट आली. एकाच आईच्या कुशीतले दोघे. एक या देशाचा, दुसरा अधांतरी! बाईने हे ऐकले त्या रात्री चूल पेटवली नाही.

२०१९ साली कायदा बदलला. बांगलादेश, पाकिस्तान व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना वाट मोकळी झाली. मुसलमानांना वगळल्यामुळे त्यावर मोठा वाद झाला. नियम निघाले ते ११ मार्च २०२४ ला. आम्हांला महत्त्वाचे कलम हे, की दाखला मिळाला म्हणजे मनुष्य आल्या दिवसापासूनच नागरिक धरला जातो. म्हणजे धाकट्याचीही गाठ सुटावी.

अर्ज संगणकावरून करावयाचा. जिल्हा समितीचे प्रमुख डाकखात्याचे अधीक्षक. तिकडचा एखादा कागद हवा, आणि इथे केव्हा आलो त्याचाही. जावेजवळ शाळेचा एक जीर्ण दाखला निघाला, उंदराने कोपरा खाल्लेला, पण नाव शाबूत. चालचलणुकीबद्दल भारतीय नागरिकाचे शपथपत्र लागते. ते आपल्याच मंडळातल्या एका भगिनीने दिले. तिचे नाव मी घेत नाही, ती रागावेल. पण उन्हाळ्यात दोन दिवसांची मजुरी बुडवून ती आमच्याबरोबर आली होती.

निष्ठेच्या शपथेचा कागद जाऊ घरी चार वेळा मोठ्याने वाचून गेली. तिने सही बंगालीत केली. मराठीत करू का, म्हणून तिने मला विचारले. मी म्हटले, तुझे नाव तुला जसे लिहिता येते तसेच लिही.

दाखला अजून यावयाचा आहे. धाकट्याने त्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणून ठेवली आहे.