रायफल की पिस्तूल?

नेमबाजीच्या रेंजवर नव्यानं जाणाऱ्यानं काय निवडावं? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, म्हणून लगेच त्याच्यासारखी पॉइंट टू-टू रायफल मागू नका. आधी 10 मीटरची एअर गन, साडेचार मिलिमीटर छर्ऱ्याची. रायफलला दोन हात, खांदा आणि गालाचा आधार मिळतो. पिस्तूल एकाच हातानं, हात लांब करून धरायचं. मग पिस्तूलच अवघड? छे! रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर, पिस्तुलाचा साडेअकरा. शिवाय रायफलवाल्याला ते जाडजूड जॅकेट, मे महिन्यातसुद्धा! माझं ऐकाल, तर विकत घेण्याआधी प्रशिक्षकासमोर क्लबची दोन्ही चालवून बघा. आणि डावखुऱ्यांनो, पिस्तुलाची मूठ डाव्या हाताचीच मागा.