साधेपणाची किंमत

साध्या राहणीची स्तुती आपण सारेच करतो. परंतु तिची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

शुभवर्तमानात दोन धनिक भेटतात. एका तरुणाला येशू सर्वस्व विकून गोरगरिबांस देण्यास सांगतो, आणि तो खिन्न मनाने परत फिरतो. दुसरा जकातदार जक्कय. तो अर्धी मालमत्ता दीनांस देऊ करतो, आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. त्याच्या घरी तारण आले, असे येशू म्हणतो. एकाकडे सर्वस्व मागितले, दुसऱ्याचे अर्धेच स्वीकारले! तेव्हा त्यागाला तराजू नाही. धन माणसाच्या हाती आहे की माणूस धनाच्या, एवढेच पाहावयाचे.

ही शिकवण मराठी मातीत रुजविण्याचा ध्यास रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी घेतला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनच्या पगाराचा आधार सोडून ते साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारू लागले. संतांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाणारी फकिरी त्यांना हवी होती.

पण या फकिरीची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त दिसते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. संसाराची ओढाताण मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्यांनी ती लपविली नाही, तिच्यापायी हसूही गमावले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले. दरबार एकाचा, पण त्याचा भार दोघांनी वाहिला.

आज हप्त्याने वस्तू घरात येतात, आणि जुनी झिजण्यापूर्वीच नवी खुणावू लागते. अशा काळात साधेपणाचे व्रत घेणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या त्यागाचे ओझे घरातील दुसऱ्या कोणाच्या शिरावर तर पडत नाही ना? आणि माझ्या सुखसोयींत कोणाची मजुरी अडकून पडलेली नाही ना? जक्कयाने दान दिले, तसेच देणेही फेडले. मोलकरणीचा पगार वेळेवर देणे, दुकानदाराची उधारी चुकविणे, या गोष्टी दिसावयास लहान. पण ज्याने त्या केल्या नाहीत, त्याने अंगावर घोंगडी घेतली तरी तो साधा झाला असे म्हणवत नाही.