विंडहोकचे सांडपाणी आणि कार्डाचे नळ

सांडपाणी शुद्ध करून प्यावे काय, हा वाद निघाला की तो बहुधा किळस या एका शब्दापाशी येऊन थांबतो. नामिबियाची राजधानी विंडहोक हिने तो १९६८ सालीच निकालात काढला. वर्षाकाठी सरासरी जेमतेम पंधरा इंच पाऊस आणि बारमाही नदी सुमारे सातशे किलोमीटर दूर. अशा शहरापुढे निवड होती कोठे? गोरिआंगाब धरणापाशी दिवसाला ४८ लाख लिटर पाणी देणारे केंद्र उभे राहिले. कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे ठेवले गेले. खरे शहाणपण यंत्रांपेक्षा या व्यवस्थेत आहे. २००२ साली नवे केंद्र आले, क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर. ओझोन, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म गाळणी, शेवटी क्लोरीन. एक अडसर चुकला तर पुढचा उभा असतोच.

हे श्रेय अभियंत्यांचे. परंतु ज्या १९६८ साली पहिले केंद्र सुरू झाले, त्याच साली शहरातील कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती कायमची बंद करण्यात आली. देशावर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारचा अंमल होता. वस्ती सोडण्यास विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी १० डिसेंबर १९५९ रोजी गोळ्या झाडल्या होत्या. लोकांना जेथे हाकलले त्या काटुटुरा या नावाचा हेरेरो भाषेत अर्थच ‘जेथे आम्हाला राहायचे नाही ती जागा’ असा सांगितला जातो.

१९९० साली स्वातंत्र्य आले. खेड्यापाड्यांतून माणसे कामासाठी आली आणि वायव्येकडील टेकड्यांवर, थेट गोरिआंगाबच्या आसपास, पत्र्याची घरे उठली. धरणाचे पाणी नासत गेले. दोष झोपड्यांना देणे सोपे. पण ज्यांच्या दारापर्यंत गटार गेलेच नाही, त्यांनी घाण सोडावी कोठे?

नवे केंद्र चालविण्याचे काम वीस वर्षांच्या कराराने परदेशी कंपन्यांच्या गटाकडे गेले. इकडे पत्र्याच्या वस्तीतील सार्वजनिक नळ आगाऊ पैसे भरलेल्या कार्डावाचून सुटेना. बंगल्यातील कुटुंब पाणी आधी वापरते, बिल नंतर भरते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर उधारी सधनाला आणि रोखीचा व्यवहार निर्धनाशी. २०२० च्या टाळेबंदीत हात धुण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा सरकारने भार उचलला आणि तेच नळ कार्डाशिवाय मोकळे झाले. त्यासाठी शुद्धीकरणाच्या यंत्रात कसलाही बदल करावा लागला नाही.