नोंदवही संगणकावर चढविण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या कुटुंबांची नोंदवही संगणकावर चढविण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने केला, तो स्तुत्यच आहे. परंतु हे काम कोणत्या पद्धतीने करावे याचा ऊहापोह झालेला नाही, म्हणून आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो.

पाश्चात्य देशांत या विषयाचे शास्त्रच झाले आहे. एक पद्धत पायऱ्यांची : प्रथम गरजा लिहावयाच्या, मग आराखडा, मग यंत्रास द्यावयाच्या आज्ञा, शेवटी चाचणी. हिचे जनकत्व अमेरिकेतील विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधास देतात. मौज अशी की, ही सरळ वाट धोक्याची असल्याचे त्यांनी त्याच निबंधात बजावले होते! ब्रिटिश सरकारने १९८३ पासून आपल्या खात्यांस ‘एसएसएडीएम’ ही अशीच काटेकोर पद्धत लावून दिली. माहिती कोठून येते व कोठे जाते, याचे नकाशे तीत उत्तम निघतात.

लँकेस्टर विद्यापीठाचे पीटर चेकलंड यांचा प्रश्न त्याच्याही आधीचा : हे काम मुळात कशासाठी, याविषयी संबंधितांचे एकमत आहे काय? मँचेस्टरच्या एनिड ममफर्ड यांनी तर आराखडा करण्यास प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसच बसविले. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी संगणकव्यवस्था सुरू केली. दहा दिवसांच्या आत ती सोडून पुन्हा कागदावर यावे लागले. दोष केवळ यंत्राचा नव्हता. ज्यांनी ती वापरावयाची, त्यांस ती आपली वाटली नव्हती, असे चौकशीत दिसून आले.

आता आपली वही पाहा. ‘कुटुंबप्रमुख’ हा एकच रकाना! मागे एका विधवा भगिनीच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत गेला, कारण वहीत त्या मायलेकी दिवंगत दिराच्या नावाखालीच होत्या. कारकुनांनी समासात पेन्सिलीने ‘वेगळ्या राहतात’ असे लिहिले होते, म्हणून चूक उमगली. तोवर मुदत टळली होती. ती टीप यंत्राच्या कोणत्या रकान्यात बसणार? विवाहित कन्यांचे काय? याचे उत्तर बाहेरून येणारा तंत्रज्ञ देऊ शकणार नाही.

यास्तव आमची सूचना अशी. तंत्रज्ञास बोलाविण्यापूर्वी एका रविवारी कारकून, या भगिनींसारख्या माता व शिष्यवृत्तीचे विद्यार्थी यांनी वही मध्ये ठेवून बसावे आणि ‘कुटुंब’ म्हणजे काय ते आधी ठरवावे. काटेकोर नकाशे त्यानंतर अवश्य काढावेत. त्यांवाचून गोंधळच होईल. आणि यंत्र सुरू झाल्यावरही जुनी वही, समासातील पेन्सिलीसह, एक वर्ष चालू ठेवावी.