तीनदा वाजतं, मग थांबतं

कुणी स्वयंपाक आवरला असेल, कुणाच्या पुढ्यात निवडायचं धान्य असेल. असू द्या. हात चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आजचा विषयच कानाचा आहे. कॉम्प्युटर चालू होत नाही, तेव्हा तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. ते कसं ऐकायचं, हे आज बोलू.

गोष्ट आमच्याच ग्रामसंघाच्या ऑफिसातली. मार्चअखेर होती. १३ गटांच्या बचतीचा आणि कर्जाचा हिशेब कॉम्प्युटरवर होता. त्याची छापील प्रत दोन दिवसांत बँकेत द्यायची होती. सकाळी मी बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला, पण पडदा काळाच. आणि पेटीतून आवाज, पीप, पीप, पीप. मी घाबरून बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या दादांना फोन केला. म्हटलं, "दादा, कॉम्प्युटर चालूच होत नाही." ते म्हणाले, "मदरबोर्ड गेला असेल. साडेचार-पाच हजार धरून चला. पेटी घेऊन या."

ऑफिसखर्चाला तेव्हा आमच्याकडे ११०० रुपये शिल्लक होते. पण खरी भीती पैशांची नव्हती. हिशेब पुसला गेला असेल तर? आठवड्याला पैसे साठवणाऱ्या बायकांना मी काय तोंड दाखवणार होते?

कोपऱ्यात एका गटाच्या अध्यक्ष मावशी बसल्या होत्या. सही करतात, पण वाचता येत नाही. कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ कधी येत नाहीत. "आपलं काय काम तिथं," म्हणतात. त्या म्हणाल्या, "अगं, ते तीनदा वाजतंय. तीनदा वाजतं, मग थांबतं, मग पुन्हा तीनदा. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या तसं मी मोजलं."

मी दोनदा बटण दाबलं होतं, पण मोजलं नव्हतं. मला तो नुसता गोंगाट वाटला होता.

मी दादांना पुन्हा फोन लावला. म्हटलं, "पंखा फिरतो, पडदा काळा आहे, तीन छोटे बीप वाजतात, थोडं थांबून परत तीन." ते लगेच म्हणाले, "असं होय? मग आधी रॅम काढून बघा. मदरबोर्डचं नंतर बघू." तोच माणूस, तोच कॉम्प्युटर, मध्ये अर्धा तासही गेला नव्हता. आम्ही नीट सांगितलं, म्हणून उत्तर बदललं.

आता हे बीप का वाजतात, ते समजून घेऊ. ज्या पेटीला आपण सीपीयू म्हणतो, तिच्या आत मदरबोर्ड नावाची मोठी पाटी असते. त्या पाटीवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो. त्याला बायोस म्हणतात. बटण दाबलं की विंडोजच्या आधी हा बायोस जागा होतो आणि घरात फेरी मारल्यासारखं सगळं तपासतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग चालतो का. चित्र दाखवणारा भाग तयार होईपर्यंत त्याला पडद्यावर काही लिहिता येत नाही. म्हणून अडचण आली तर तो बीप वाजवतो, नाहीतर दिवा लुकलुकवतो. ही पद्धत जुनी आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पीसी आला, तोही असाच बोलायचा. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप.

पुढे लक्षात ठेवा, चार प्रकार असतात.

पहिला प्रकार. पंखाही नाही, दिवाही नाही. म्हणजे वीजच पोचत नाही. भिंतीवरचं बटण, वायर, यूपीएस आणि पेटीच्या मागे असेल तर ते छोटं बटण बघा. झाडताना ते बंद होतं.

दुसरा. पंखा फिरतो आणि बीप वाजतात किंवा दिवा लुकलुकतो. मोजा. एका चक्रावर विश्वास ठेवू नका, दोन-तीन वेळा ऐका. लांब बीप किती, छोटे किती, ते वेगळं लिहा.

तिसरा. पंखा फिरतो, बीप नाही, पडदा काळा. आधी मॉनिटरचा दिवा आणि त्याची वायर बघा. पण बीप नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. कित्येक पेट्यांमध्ये बीपचा स्पीकरच बसवलेला नसतो.

चौथा. कंपनीचं नाव पडद्यावर येतं आणि गाडी तिथेच अडते. तेव्हा पडद्यावरची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी उतरून घ्या, नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असं म्हणत असेल, तर आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का बघा. रोज तारीख-वेळ चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपत आलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ नावाने मिळतो.

आता आकड्यांचा अर्थ. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये तीन छोटे बीप म्हणजे रॅमची तक्रार, आठ बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागाची. अवॉर्ड नावाच्या जुन्या बायोसमध्ये त्याच चित्राच्या तक्रारीला एक लांब आणि दोन छोटे बीप. डेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉपवर बटणाचा दिवाच बोलतो. दोनदा पिवळसर आणि मग तीनदा पांढरा लुकलुकला, तर रॅम सापडत नाही. एचपीच्या बऱ्याच मशीनवर आधी लाल आणि मग पांढरा दिवा येतो. तीन लाल, दोन पांढरे म्हणजे रॅम. तीन लाल, तीन पांढरे म्हणजे चित्राचा भाग. हे पाठ करू नका. पेटीवरच्या स्टिकरवरून मॉडेलचा नंबर घ्या आणि त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत आपला आकडा शोधा. पुस्तिका कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळते.

आमचा कॉम्प्युटर असेंबल केलेला, बायोस एएमआयचा. दादा फोनवर सांगत गेले, आम्ही करत गेलो. बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली. मग पेटीचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. बाजूचा पत्रा काढला. आत ही धूळ! कोरड्या मऊ ब्रशने ती झाडली. रॅमच्या दोन लांबट पट्ट्या होत्या. टोकाच्या खिट्ट्या मागे ढकलून त्या काढल्या. सोनेरी पिनांवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, भुगा कोरड्या कापडाने पुसला. पट्ट्या परत बसवल्या, खिट्टी 'टक' वाजेपर्यंत दाबल्या. बटण दाबलं.

पीप, पीप, पीप.

सगळ्यांचे चेहरे उतरले. दादा म्हणाले, "आता एकेक लावून बघा." दर वेळी वायर काढायची, मगच आत हात घालायचा. पहिली पट्टी एकटी लावली, पुन्हा तीन बीप. ती काढून त्याच जागी दुसरी लावली. एकच छोटा बीप वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली. "एकच वाजलं गं," मावशी म्हणाल्या.

एक पट्टी खराब झाली होती, एवढंच. हिशेब जसाच्या तसा होता. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. आपण जतन केलेला हिशेब हार्ड डिस्कवर असतो, रॅममध्ये नसतो. रॅम बिघडली म्हणून तो पुसला जात नाही. म्हणून अशा वेळी कुणी "फॉरमॅट मारतो" म्हणालं, तर आधी विचारा, "कशासाठी?" आणि हिशेबाची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. आम्ही ती घेत नव्हतो, म्हणूनच त्या सकाळी एवढी धडधड झाली.

त्या दिवशी आम्ही एकाच पट्टीवर काम केलं. कॉम्प्युटर हळू चालला, पण प्रत वेळेत बँकेत गेली. नंतर जुनी चालू पट्टी ४५० रुपयांना मिळाली.

आता सावधगिरी. वॉरंटी चालू असेल तर पेटी उघडू नका, कंपनीला फोन करा. वायर ज्या चौकोनी डब्यात जाते, तो वीजपुरवठ्याचा डबा कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज राहते. ओलं कापड आत नेऊ नका. जळका वास आला तर लगेच वीज बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

सगळं आपणच दुरुस्त करायचं, असं मी म्हणत नाही. मोजायचं आणि लिहायचं, एवढं तर आपल्याला जमतंच. हिशेब लिहिणं हे आपल्या पंचसूत्रीत आहेच. आम्ही आता पेटीजवळ एक वही ठेवली आहे. तारीख, किती बीप, दिवा कोणत्या रंगाचा, पडद्यावर काय, आपण काय केलं. दादांना फोन करायचा तो वही हातात घेऊन.

आणि मावशी? परवा त्यांनी स्वतः बटण दाबलं. कान लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एकच वाजलं. बसा कामाला."

तुमच्याही ऑफिसातला कॉम्प्युटर उद्या सकाळी काय म्हणतो, ते ऐका.