मुलांचा छळ आणि सौजन्याचे बळ
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त आईबापांच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी मंदिराच्या उभारणीविषयी व पूर्वजांच्या श्रमांविषयी बोलावे असा परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आज आम्ही आपले लक्ष एका लहानशा वाटणाऱ्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. शाळेतून आलेले मूल दप्तर कोपऱ्यात टाकून मुकाट्याने बसते; विचारले तर "काही नाही" म्हणते; आणि सकाळ झाली की त्याचे पोट दुखू लागते. पुष्कळदा या पोटदुखीचे मूळ पोटात नसते. कोणी त्याला रंगावरून चिडविलेले असते, कोणी जातीवरून, कोणी बोबड्या बोलावरून. कोणी त्याचा डबा हिसकावलेला असतो. अशा वेळी आपण वडील माणसे काय सांगतो? एकजण म्हणतो, "तूही दोन ठेवून दे." दुसरा म्हणतो, "सोसून घे." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

याविषयी आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचा मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या मुलास इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत मुलाने जेवायला दूर घरी जाऊ नये म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी त्यास रोज देत. विटाळाच्या भीतीने ती भाकरी ते वरूनच हातावर टाकीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांची दया रूढीची वेस ओलांडू शकली नाही. तरीसुद्धा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या भाकरीची गोडी कृतज्ञतेने सांगितली. अर्ध्या दयेची जर इतकी आठवण राहते, तर मुलास जवळ बसवून एका ताटात जेवू घालणाऱ्या पुऱ्या दयेचे सामर्थ्य केवढे असेल!

तोच मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या नेतृत्वाखाली आपल्या या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिककर त्यात पुढे होते. सत्याग्रह्यांनी दगडांचा मार सोसला, पण आपला हक्क सांगणे सोडले नाही. हात न उगारता ताठ उभे राहणे म्हणजे काय, हे गोदातीराने पाहिले आहे.

प्रभू येशूनेही हेच दाखविले. दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश आपण मुलांस सांगतो. परंतु प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभू मुका राहिला नाही, हे सांगावयास विसरतो. माझे काही चुकले असेल तर दाखवून दे, नसेल तर मारतोस का, असे त्याने त्यास विचारले. शिवी नाही, हात उगारणे नाही, पण मान खाली घालणेही नाही. सौजन्य म्हणजे दुबळेपणा नव्हे.

संत जॉन बॉस्को विद्यार्थी असताना किएरी गावच्या शाळेत लुईजी कोमोल्लो नावाचा त्यांचा एक शांत सोबती होता. एका दांडगट मुलाने त्यास थोबाडीत दिली, तेव्हा त्याने क्षमा केली. पुढे त्याचा छळ होताना पाहून बलदंड बॉस्को दांडगटांवर तुटून पडले. तेव्हा कोमोल्लोनेच त्यांस समजाविले की, देवाने दिलेले बळ इतरांस दुखविण्यासाठी नव्हे. मित्राच्या बाजूस उभे राहणे बॉस्कोंस ठाऊक होते. कसे उभे राहावे, हे त्यांस त्या छळ सोसणाऱ्या मुलाने शिकविले.

मग आपण काय करावे? प्रथम, मुलाचे म्हणणे न रागावता शेवटपर्यंत ऐकावे. "असे बोलू नकोस, मला ते आवडत नाही," हे वाक्य डोळ्यांस डोळा देऊन, शांत आवाजात म्हणावयास त्यास घरीच शिकवावे. मार बसण्याची भीती असेल तर तेथून निघून वडील माणसाकडे यावे. त्यात भित्रेपणा नाही, आणि छळ सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही त्याच्या मनावर ठसवावे. घरात कोणाजवळ बोलता येत नसेल अशा मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक मुलास पाठ असावा.

ज्यांस कोणी चिडवीत नाही, त्या मुलांवरही मोठे कर्तव्य आहे. हसणाऱ्यांत सामील न होता एकट्या पडलेल्या सोबत्याजवळ जाऊन बसणे आणि "चल, आपण डबा खाऊ" असे म्हणणे, एवढे लहान मूलही करू शकते.

आणि दांडगाई करणारे मूल? तेही आपलेच आहे. कदाचित आपल्याच घरचे. घरी जो मार खातो किंवा इतरांची टिंगल ऐकतो, तो तेच शाळेत नेतो. त्याची चूक त्यास स्पष्ट सांगावी, दुखविलेल्या सोबत्याची भरपाई त्याच्याकडून करवून घ्यावी, पण त्यास टाकून देऊ नये. २००९ च्या कायद्यानेही शाळेत मुलांस मारणे व मानसिक त्रास देणे मना केले आहे. घरात मात्र तो नियम आपण स्वतःच केला पाहिजे.

बंधुभगिनींनो, मंदिराच्या भिंती आपल्या पूर्वजांनी उभारल्या. त्या भिंतींच्या आत एकही मूल एकटे बसू नये, हे काम आपले आहे. बाळ येशू आपणांस त्यासाठी बळ देवो.