भांड्यावरचं नाव

(कशेळी, ता. भिवंडी येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी भांड्यांविषयी बोलणार आहे. 'बायका जमल्या की भांडीकुंडीच काढणार' असं कुणी म्हणेल. म्हणू दे. जी भांडी आपण जन्मभर घासतो, ती कुणाच्या मालकीची, हे आपण कधी विचारतच नाही.

आपल्या आज्यांच्या घरात तांब्या-पितळेची भांडी होती. हंडा, कळशी, परात, पातेलं, घंगाळ. तांबट ती ठोकून घडवत, कासार विकत. पितळेत ताक किंवा आमटी राहिली की कळकायची, म्हणून आतून कल्हई लागे. कल्हईवाला भात्यानं निखारे फुलवायचा, भांडं तापवायचा आणि नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचा. राखेनं घासून घासून तो पातळ थर झिजायचा. अन्न कळकलं तर बोलणी मात्र घरच्या बाईनं खायची.

हेच कथील अमेरिकेतल्या जुन्या घरांत जेवणाच्या टेबलावर होतं. सतराव्या-अठराव्या शतकात तिथं प्यूटरच्या थाळ्या-पेले वापरत. प्यूटर म्हणजे बहुतांश कथील, त्यात थोडं तांबं, अँटिमनी किंवा शिसं. धातू मऊ, लवकर पोचे पडत. मग वितळवून नवी थाळी ओतून घेत. काही थाळ्यांवर तीन अक्षरं कोरलेली असत : वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. अक्षर तिचं असलं तरी थाळी तिची नव्हती. तिथं चालणाऱ्या इंग्लिश कायद्यानं लग्न होताच बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. त्याच्या कर्जापायी ती थाळी विकलीही जाई. न्यूयॉर्क राज्यात हे बदलायला १८४८ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे काय? रुखवतातल्या स्टीलच्या डब्यांवर, पातेल्यांवर आपण हौसेनं नावं घालतो. कधी मामाचं, कधी आत्याचं, कधी नवऱ्याचं. नवरीला दिलेली भेट नवरीची, मग नाव कुणाचंही असो. हिंदू स्त्रीचं हे स्त्रीधन. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की सासरी ठेवलेलं स्त्रीधन ही केवळ विश्वासानं सांभाळायला दिलेली ठेव आहे. ते हडप करणं हा फौजदारी गुन्हा आहे. मुस्लिम बहिणींसाठी १९८६ च्या कायद्यात तरतूद आहे : लग्नात, लग्नाआधी वा नंतर माहेरच्यांनी, मित्रमंडळींनी, नवऱ्यानं किंवा त्याच्या नातलगांनी दिलेल्या वस्तू तलाकनंतर तिला मिळाल्याच पाहिजेत. आणि धर्म कोणताही असो, कौटुंबिक हिंसाचाराविरोधी २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन आणि इतर मालमत्ता परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

कायदा आहे, मग अडतं कुठे? पुराव्यात. अंगावरच्या साडीनिशी घराबाहेर पडलेल्या बाईला 'तू काय आणलं होतंस?' असं विचारतात, तेव्हा तिच्याकडे कागद नसतो. सासरचे म्हणतात, 'भांडी आमचीच.' शेजारणींना हंडा आठवतो, पण त्या साक्षीला यायला घाबरतात. काही भांडी तर आधीच मोडीत गेलेली असतात किंवा गहाण पडलेली असतात.

हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत नवरीला मिळालेल्या भेटींची यादी सांगितली आहे. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. खाली वधू-वर दोघांच्या सह्या. ही यादी नवरीनं स्वतःजवळ ठेवायची. दागिन्यांची यादी आपण निदान तोंडानं तरी करतो. भांड्यांची कुणी करत नाही. 'चार पातेल्यांसाठी काय भांडायचं?' असं आपणच म्हणतो. पण वेगळी चूल मांडायची वेळ येते, तेव्हा पहिल्या दिवशी लागतं ते पातेलंच.

तेव्हा घरात लग्न ठरलं असेल तर यादी आताच करा. लग्न होऊन वर्षं झाली असतील, तरी आठवून लिहा, पावत्या आणि फोटो जोडा, एक प्रत माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवा. लिहिता येत नसेल तर पुढच्या बैठकीत आपण एकमेकींच्या याद्या लिहून देऊ. वही मी आणते.